हत्ती खोक्यात मावत नाही

आधीच सांगतो, आजचा लेख वैतागून लिहिलाय. शनिवारी सकाळी चहाबरोबर ज्यांना काही गोडमिट्ट वाचायचं असेल त्यांनी पुढच्या आठवड्यात यावं, तेव्हा बहुतेक खाण्यावर लिहीन :-)

वैतागाचं कारण एक खोकं आहे. आमच्या टीममधल्या एका सिनियरने मुलीच्या वाढदिवसाला लाकडी गिअरचं किट आणलं. प्लायच्या पातळ शीटवर लेझरने आधीच कापून ठेवलेले शेकडो तुकडे. ते बोटाने ढकलून बाहेर काढायचे, पुस्तिकेतल्या नंबराप्रमाणे एकमेकांत अडकवायचे, मेण घासायचं, किल्ली द्यायची. दोन रविवारांत गाडी तयार. गाडी चार फूट चालली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ती टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात जाऊन बसली. सोमवारी जेवताना साहेब म्हणाले, "पोरगी मेकॅनिकल इंजिनिअर होणार बघ."

झाली तर आनंदच आहे. पण त्या खोक्यामुळे होणार नाही. आपण सगळे सॉफ्टवेअरवाले, तेव्हा आपल्याच भाषेत विचारतो. सेटअपवर डबल क्लिक करून नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश दाबणाऱ्याला आपण प्रोग्रामर म्हणतो का? त्या गाडीत कुठल्या चाकाला किती दात, दांडी कुठे टेकवायची, रबराचा जोर किती पुरेल, हे सगळं युक्रेनमधल्या किंवा चीनमधल्या कुणीतरी डोकं खाजवून ठरवलं. त्याचे दहा नमुने फुकट गेले असतील, अकरावा चालला असेल. म्हणजे मजा त्याने केली आणि आपण फक्त बिल भरलं. तुकडे चुकीचे बसूच शकत नाहीत अशी ती रचना असते, आणि नेमकी हीच गोष्ट खोक्यावर कौतुकाने छापलेली असते. जिथे चूक होऊच शकत नाही तिथे पोरगी ठरवणार काय? डोंबल?

किटचा एक गुण मान्य करतो. कापणी इतकी नेमकी असते की दाताला दात कसा लागतो हे पहिल्यांदा नीट दिसतं. पण तेवढ्यावर थांबायचं नसतं ना! गाणं ऐकून कुणी गवई होत नाही.

आता ज्यांची ब्रँच वेगळी होती त्यांच्यासाठी कॅमची ओळख. कॅम म्हणजे मुद्दाम वेडावाकडा कापलेला गोल. तो फिरतो, त्याच्या कडेवर एक दांडी टेकलेली असते, आणि कड जशी वरखाली होईल तशी दांडी वरखाली होते. बास, एवढंच. पण जरा विचार करा. इनपुट काय, तर ० ते ३५९ अंश. आउटपुट काय, तर प्रत्येक अंशाला दांडीची उंची. ही सरळ सरळ लुकअप टेबल आहे! फरक एवढाच की डेटा प्लायवुडच्या कडेवर लिहिलाय आणि लिहिण्याचं साधन करवत आहे. हत्तीची सोंड सावकाश वर जावी, वर क्षणभर थांबावी आणि हळूच खाली यावी असं वाटत असेल तर तसा ग्राफ कागदावर काढायचा आणि तो वर्तुळाभोवती गुंडाळायचा. एकाच आसावर पाच कॅम ओवले की सोंड, कान, शेपूट, डोळा आणि माहुताचा हात असे पाच प्रोग्राम एका घड्याळावर चालतात. असं मल्टिटास्किंग आठशे वर्षांपूर्वी होतं.

मी मेकॅनिकलचा. तिसऱ्या वर्षाला थिअरी ऑफ मशीन्स. कॅमची शीट आम्ही सगळ्यांनी काढली. युनिफॉर्म व्हेलॉसिटी, सिंपल हार्मोनिक, सायक्लॉइडल, मग अमुक अंश ड्वेल, तमुक अंश रिटर्न. त्यातल्या किती शीट स्वतः काढलेल्या आणि किती जीटी मारलेल्या (खाली बल्ब, वर काच, काचेवर मित्राची शीट) ते सांगत नाही, ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांना ठाऊक आहे. प्रश्न वेगळाच आहे. अख्ख्या वर्गाच्या त्या शिटांमधून एकही कॅम बाहेर आला नाही. वर्कशॉप शंभर पावलांवर होतं, तिथे सुतारकामाचा विभाग होता, पहिल्या वर्षाला आम्ही तिथे लाकडाचा एक सांधाही केला होता. पण सांधा वेगळ्या विषयात आणि कॅम वेगळ्या विषयात. दोघांची गाठ घालून द्यावी असं कुणालाच वाटलं नाही. शेवटच्या वर्षी एक मोठी कंपनी आली, सरसकट सगळ्यांना उचलून घेऊन गेली आणि जावा शिकवलं. असो.

याने बिघडलं काय? हे बिघडलं की प्रेशर अँगल तीस अंशांच्या आत ठेवा, हे वाक्य आमच्या सगळ्यांच्या तोंडात आहे आणि हातात कुणाच्याच नाही. लाकडात ते पाच मिनिटांत कळतं. चढ फार उभा कापला की कॅम दांडीला वर ढकलायचं सोडून बाजूला ढकलतो, दांडी भोकात आवळते आणि सगळं जाम. मग एक तर कॅम मोठा करा, नाहीतर तीच चढण जास्त अंशांत पसरवा. पसरवली की थांबायला अंश कमी उरतात. म्हणजे हत्तीने सोंड किती वेळ वर धरायची हा कलेचा प्रश्न आणि दांडी अडकू नये हा यंत्राचा प्रश्न एकाच ३६० अंशांसाठी भांडतात. डिझाइन म्हणजे हे भांडण सोडवणं. खोक्यात ते आधीच सोडवून दिलेलं असतं, आणि शीटवर ते उपटतच नाही, कारण कागदावर काहीच अडकत नाही.

दुसरा एक समज ऐकून तर कपाळावर हात मारावासा वाटतो. लाकडी गिअर वगैरे म्हणजे युरोपातल्या लोकांचे छंद, आपल्याकडे ते नव्हतंच, असा. अहो, सरकी वेगळी करायची हातचरखी आठवा. जिनिंगच्या गिरण्या येण्याआधी या देशात कापूस तिच्यातूनच निघायचा. दोन रूळ, आणि ते एकमेकांना उलटे फिरवण्यासाठी रुळांच्या टोकांवर कोरलेले लाकडी आटे. ज्याला आपण पुस्तकात वर्म गिअर म्हणतो तेच. कापूस पिकवणाऱ्या जालन्याच्या माणसाने तरी 'आपल्याकडे गिअर नव्हते' असं म्हणू नये. टिपू सुलतानाचा वाघ लाकडाचाच. हँडल फिरवलं की वाघाखालच्या गोऱ्या शिपायाचा हात वरखाली होतो आणि आतल्या भात्यांतून त्याचं कण्हणं आणि वाघाची गुरगुर निघते. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, इंग्रजांनी तो लुटला, आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. आणि अल्-जझारी नावाच्या अवलियाने १२०६ साली आपल्या यंत्रांचं पुस्तक लिहिलं, त्यातलं सगळ्यात गाजलेलं यंत्र म्हणजे हत्तीचं घड्याळ. दर अर्ध्या तासाला हत्तीवरचा माहूत ठोका देतो. पोटात पाण्याची टाकी, पाठीवर अंबारी. त्याला भारत दाखवायचा होता म्हणून त्याने हत्ती घेतला. हत्ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इतकं मागे जायचं नसेल तर गणपतीत जाऊ. हलते देखावे! आपल्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात पाहिलेलं पहिलं कायनेटिक स्कल्प्चर म्हणजे एखाद्या मंडळाचा अफझलखान वध. टेपवर घोगरा आवाज, लाल दिवा, आणि महाराजांचा हात कट्... कट्... कट् करत वर जातो. त्या हातामागे मोटर, तिच्या चकतीवर मधोमध नसलेली एक खुंटी, खुंटीला दांडी, दांडी कोपराला. पुण्यामुंबईच्या शिकलेल्या लोकांनी याला कायम नाकं मुरडली. भडक, बटबटीत, वगैरे. असेल बटबटीत. पण इथे शहरभर, फुकट, रस्त्यावर, यंत्राने गोष्ट सांगितली जात होती आणि ती करणारी माणसं पेंटर, सुतार, वायरमन होती. आता मंडळांचा पैसा एलईडीच्या भिंतीकडे आणि डीजेकडे जातो. दहा दिवस भाड्याने आणा, अकराव्या दिवशी परत करा. गावात मागे उरतं काय, तर कानात दडे. मार्च २०१८ मध्ये राज्याने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली, तेव्हा मला वाटलं होतं की आता लाकूड परत येणार. आले ते फ्लेक्स.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो आपल्याच लोकांकडून येतो. "अरे, सर्व्हो मोटर आहे, आर्दुइनो आहे, दहा ओळींचा कोड लिहिला की सोंड हलेल. कॅम कशाला कापत बसतोस?" आक्षेप चांगला आहे. हालचाल रोज बदलायची असेल, प्रेक्षकाला पाहून हत्तीने मान वळवायची असेल, तर सर्व्होच वापरा, मीही वापरीन. पण रस्त्यावरच्या, गावाच्या वस्तूसाठी कॅम बरा, आणि हे मी जुन्याच्या प्रेमापोटी म्हणत नाहीये. सर्व्होवाला हत्ती उघडला तर आत एक काळी डबी दिसते. कॅमवाला हत्ती उघडला तर आत सोर्स कोड दिसतो, तोही चालू अवस्थेत. आठ वर्षांचं पोरगं कडेवर बोट फिरवून सांगू शकतं की आता सोंड वर जाणार. बिघडला तर गल्लीतला सुतार दुरुस्त करतो. आणि लाइट गेली तर हँडल मारता येतं. जालन्यात हा शेवटचा मुद्दा कुणाला समजावून सांगावा लागत नाही :-)

तर जालना. माझं गाव. 'जालना, सोने का पालना' ही म्हण ऐकतच आम्ही मोठे झालो. पालना म्हणजे पाळणा, हलणारी लाकडी वस्तूच, पण ते जाऊ दे. या गावात बियाण्यांच्या कंपन्या आहेत, सळईचे कारखाने आहेत, भट्टी आणि रोलिंग मिलशी रोज झुंजणारे फिटर आहेत, लेथवाले आहेत, सुतार आहेत. आणि या गावात धुळवडीला हत्ती रिसाला निघतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हत्तीवर राजा बसतो, रेवड्यांची उधळण होते आणि सगळं गाव रंगात रस्त्यावर. शंभराहून जास्त वर्षांची परंपरा. पण जिवंत हत्ती मिरवणुकीत आणणं आता दिवसेंदिवस अवघड होत जाणार. कायदा आहे, आणि रंग, गोंगाट, डांबर हे हत्तीसाठी बरंही नाही. २०२५ साली नांदणी मठाच्या माधुरी हत्तिणीवरून कोल्हापुरात काय रान उठलं ते आपण पाहिलं. केरळात त्याआधीच, फेब्रुवारी २०२३ मध्ये, त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजादप्पिल्ली देवळात यांत्रिक हत्ती आला. साडेदहा फूट उंच, ८०० किलो, लोखंडी सांगाडा, वर रबर, आत विजेच्या मोटरी. म्हणजे भविष्य त्या बाजूला आहे हे दिसतंच आहे. प्रश्न इतकाच की जालना आपला हत्ती ऑर्डर करून आणणार की स्वतः करणार?

कारण ऑर्डर केलेला हत्ती हेही एक खोकंच. फक्त मोठं.

फ्रान्समधल्या नांत शहराचं उदाहरण देतो. तिथे जहाजं बांधायचे. १९८७ मध्ये गोद्या बंद पडल्या, मोठाल्या शेड ओस पडल्या. २००७ मध्ये त्याच जागेत हत्ती उभा राहिला. बारा मीटर उंच, ४८ टन, पोलादी सांगाड्यावर लाकडाचं अंग, पाठीवर पन्नास माणसं, आणि सोंडेतून लोकांवर पाणी. आत हायड्रॉलिक्स आहे, कॅमवर चालणारं ते काम नाही. पण बघा, गावाच्या हाती जे कसब होतं त्यातूनच ते उभं राहिलं. आज लोक तो हत्ती बघायला त्या शहरात जातात. जालन्याच्या गिरण्या तर चालू आहेत, म्हणजे आपण नांतच्या पुढेच आहोत!

बारा मीटर नको. आठ फूट पुरे. नुसती उभी प्रतिकृती मात्र नको, हत्ती हलला पाहिजे. आणि मोटर नको. बैलगाडीची दोन चाकं घ्या. मिरवणूक फार तर ताशी दीड किलोमीटर सरकते, म्हणजे मिनिटाला २५ मीटर. चाकाचा व्यास साडेचार फूट धरला तर परीघ साधारण ४.३ मीटर. चाक मिनिटाला सहाच्या आसपास फेरे घेणार, म्हणजे एक फेरा सुमारे दहा सेकंदांत. सोंड वर जाऊन खाली यायला दहा सेकंद अगदी झकास! गती कमी करायला गिअरसुद्धा नको. गाडीचा कणा फिरत नाही, चाक फिरतं, म्हणून चाकाच्याच आतल्या अंगाला खुंट्या ठोकायच्या आणि त्यांनी वरचा आस फिरवायचा. हत्ती चालला की सोंड हलते, थांबला की थांबते. शेपटीला वेगळा आस द्या, मध्ये २४ आणि २५ खुंट्यांची जोडी. मग सोंड आणि शेपूट पुन्हा अगदी त्याच जागी एकत्र यायला २५ फेरे लागतात, म्हणजे १०७ मीटर. रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाला तोच हत्ती दोनदा दिसत नाही. लसावि शाळेत का शिकवला ते इथे कळतं.

आणि कान. डावा कान डाव्या चाकावर, उजवा उजव्यावर. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, हे डिफरन्शिअलच्या धड्यात सगळ्यांनी पाठ केलंय. इथे ते डोळ्यांनी दिसेल, कारण वळताना हत्तीचा बाहेरचा कान जोरात हलेल आणि आतला मंद होईल. पोरांना विचारा, का? बघा कुणी उत्तर देतं का ते. मला वाटतं देतील.

हे सगळं प्लायमध्ये होणार नाही, सुतार लागणार. मागच्या दिवाळीत गावाकडे एका सुतारकाकांना विचारलं, काका, दातेरी चाक करायचं तर कुठलं लाकूड घ्यायचं? बैलगाड्यांची चाकं करण्यात त्यांची उमर गेली, आता मॉड्युलर किचनची दारं बसवतात. ते म्हणाले, "कोणतं बी घ्या, पण दात कापू नका. फळीच्या रेषा एका बाजूनं जातेत. त्या बाजूचे दात राहतेत, आडवे दात पटापटा निघतेत. गोल करा अन् खुंट्या ठोका. खुंटी मोडली तर खुंटी बदला, चाक कशाला फेकता?" मग स्वतःच पुढे म्हणाले, बाभूळ बघा, अन् एका फळीचा गोल करू नका, पावसाळ्यात लांबट होतो, तुकड्यांचा जोडा. पाच मिनिटांत त्यांनी मटेरियल, फेल्युअर मोड, मेन्टेनन्स आणि ह्युमिडिटी असे चार धडे संपवले. त्यांची पदवी विचारू नका, माझी भिंतीवर टांगलेली आहे.

या माणसाला आपण दारांच्या बिजागऱ्या बसवायला लावलंय. आणि मेकॅनिकल शिकलेल्या मला टेस्ट केसेस लिहायला. दोघांच्या मध्ये चारशे किलोमीटरचं अंतर, आणि दोघांना जोडणारं काम गावात निघत नाही, कारण ते काम विकत मिळतं. तेव्हा कृपा करून मला कुणी सांगू नका की किट घेतलं की मुलांमध्ये इंजिनिअरिंगची आवड निर्माण होते. आवड आहेच हो. तिला करवत द्या. जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी कॅमची एक शीट रद्द करून त्या जागी एक कॅम मागावा, लाकडात, चालणारा. पॉलिटेक्निकवाल्यांनी सांगाडा घ्यावा, आयटीआयच्या पोरांनी खुंट्या. मंडळांनी एका दिवसाच्या डीजेचे पैसे द्यावेत. मी कॅमचे ग्राफ काढायला तयार आहे, शनिवार-रविवार मोकळेच असतात.

एक अडचण आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर नंतर बोंब व्हायची. मिरवणूक नेहमी पुढेच जाते असं नाही. गर्दी रेटते आणि गाडी चार फूट मागे येते. सोंड धपकन खाली पडावी म्हणून कॅमला सरळ कडा ठेवली, तर मागे येताना दांडी त्या कड्यावर आपटून अडकणार आणि काहीतरी मोडणार. एक तर दोन्ही बाजूंचे उतार सौम्य ठेवा, म्हणजे धपकन पडण्याची मजा गेली. नाहीतर चाक आणि आस यांच्यामध्ये रहाटाला असतो तसा खटका घाला, म्हणजे मागे येताना आस फिरणारच नाही. मी खटक्याच्या बाजूने आहे. पण धुळवडीला रंगाचं पाणी पडणार, खटक्याचं लाकूड फुगणार, आणि फुगलेला खटका ऐन चौकात उघडाच राहिला तर? जवसाचं तेल पाजून भागेल की तेवढा एक तुकडा लोखंडाचा करावा, हे काकांना विचारायचं राहिलंय. पुढच्या महिन्यात गावी जातोय.